बसणे आणि खचणे

मराठीत आवाज बसतो, कपड्याची घडी बसते, धंद्यात जम बसतो आणि माती बसते. नवा बांध घातला की पहिल्या पावसाळ्यात तो बसणार, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. म्हणून तो बांध मुळातच हातभर जास्त उंच घालतो. बसण्यात घाबरण्यासारखं काही नाही. खचण्यात आहे. विहीर खचते, घाटातला रस्ता खचतो, कर्ता मुलगा गेल्यावर बाप खचतो.

हा फरक मी आजवर विचार न करता पाळत आले होते. २०२५च्या उन्हाळ्यात बेळ्ळंदूरला आमच्या सोसायटीनं मातीची तपासणी करून घेतली, अहवालाचा मराठी सारांश करायचं काम माझ्याकडे आलं, आणि शेचाळीस पानांत जिथं तिथं एकच शब्द भेटला: सेटलमेंट. त्याच्या जागी मी 'बसणे' लिहायचं की 'खचणे', यावर काही लोकांचे पैसे, काहींची झोप आणि एक संभाव्य कोर्टकज्जा अवलंबून होता.

बंगळुरात मराठी सारांश कशाला, असं कुणीही विचारेल. आमच्याकडे तीसेक मराठी घरं आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या घरांत मुलांकडे राहायला आलेले आईवडील. साताऱ्याचे, नागपूरचे, माझ्यासारखे सोलापूरचे. त्यांतल्या काहींनी गावाकडची जमीन किंवा वाड्यातला हिस्सा विकून इथल्या फ्लॅटला हातभार लावलेला आहे. सोसायटीच्या नोटिसा इंग्रजीत येतात आणि अफवा मात्र सगळ्या भाषांत. कन्नड सारांश एक निवृत्त शिक्षिका करणार होत्या, हिंदी आणि मराठी माझ्याकडे. मी पोटासाठी कन्नडमधून मराठीत कथा-कादंबऱ्या आणते (पोटासाठी हा शब्द इथं जरा उदारपणे वापरला आहे), तेव्हा हे काम चार दिवसांचं आहे असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं.

भानगड अशी होती. इमारती खोल खांबांवर, म्हणजे पाइल्सवर, उभ्या आहेत. खांब खाली खडकात टेकलेले. इमारती हलत नाहीत. हलते ती त्यांच्या भोवतीची जमीन: फाटकापासूनचा रस्ता, बाग, ट्रान्सफॉर्मरचा चौथरा. रस्ता आणि इमारतीचा उंबरा पूर्वी एका पातळीत होते. आता तिथं तीन बोटांची पायरी पडली होती. सांडपाण्याचा पाइप भिंतीतून बाहेर जमिनीत शिरतो नेमका तिथंच वर्षात दोनदा तुटला. चाकाच्या खुर्चीतल्या एक आजी फाटकाबाहेर जाईनाशा झाल्या. व्हॉट्सॲपवर कुणीतरी लिहिलं की अख्खी सोसायटी तळ्यात चालली आहे.

तळं म्हणजे बेळ्ळंदूर केरे, शहरातलं सगळ्यांत मोठं, सुमारे नऊशे एकरांचं. ते जगभर गेलं ते फेसामुळे आणि आगीमुळे. २०१५मध्ये पाण्यावरच्या फेसाला आग लागल्याचे फोटो सगळीकडे फिरले, फेब्रुवारी २०१७मध्ये पुन्हा धूर उठला, जानेवारी २०१८मध्ये आग विझवायला लष्कराचे जवान उतरले. मुळात ही एकापुढे एक ओवलेल्या तळ्यांची साखळी. कोरमंगला-चल्लघट्टाच्या खोऱ्यातलं पाणी इथं येतं, इथून वर्तूरला आणि पुढे दक्षिण पिनाकिनीला जातं. जुन्या तळ्यांचा धर्म उन्हाळ्यात आटण्याचा. आटलं की गाळ काढायचा आणि शेतात टाकायचा. शहराचं सांडपाणी येऊ लागल्यावर आटणं संपलं. कन्नडमध्ये गाळाला 'हूळु' म्हणतात, आणि 'हूळु' याच क्रियापदाचा अर्थ पुरणे असाही होतो. आपल्या 'गाळ'मध्ये गाळून खाली राहिलेलं आहे, त्यांच्या 'हूळु'मध्ये पुरलेलं. आमचा रस्ता या हूळुवरच उभा आहे. तळ्याच्या कडेची जागा, वर मुरमाचा भराव, वर डांबर. तळ्यांपासून पंचाहत्तर मीटर मोकळे सोडा, असं राष्ट्रीय हरित लवादानं मे २०१६मध्ये सांगितलं होतं. मार्च २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द केलं. आमची सोसायटी दोन्हींच्या आधीची आहे. त्यामुळे हा वाद आमच्याकडे नुसता तावातावानं होतो, त्यातून निघत काही नाही.

अहवालातली बाकीची पानं मी रेटली असती. पण एका प्रकरणाशी येऊन अडले, तिथं 'कन्सॉलिडेशन' आणि 'कॉम्पॅक्शन' असे दोन शब्द शेजारी शेजारी होते. शासकीय परिभाषेच्या वळणानं दृढीकरण, संहनन असं काहीतरी लिहिता येतं. साताऱ्याच्या काकांना त्यातून काय कळणार? म्हणून मी प्रयोगशाळेला फोन केला आणि ज्या दिवशी आमची माती यंत्रावर होती त्या दिवशी पाहायला गेले.

शहराच्या पूर्वेला, गोदामांच्या रांगेत, पत्र्याचं छप्पर असलेली ती जागा. चाचणी करणारा मुलगा अथणीचा निघाला. पहिल्या दोन वाक्यांत "मॅडम", मग माझं मराठी ऐकून "ताई". अथणीकडची मराठी कन्नडच्या हेलानं चालते, ती इतक्या दिवसांनी ऐकून मला उगाच भरून आलं.

त्यानं आधी दोन शब्दांचा घोळ सोडवला. "ताई, रोड करताना रोलर फिरवतात बघा, किंवा घरात जमीन करताना धुमसानं चोपतात. तिथं मातीतली हवा जाते. लगेच होतं ते. आमच्या या टेस्टमध्ये हवा नाहीच. सगळ्या फटींत पाणी भरलेलं. वजन ठेवलं की पाणी जातं. पण हळू जातं." एवढंच. कॉम्पॅक्शन म्हणजे चोपणं, आणि दुसरं म्हणजे पाणी सुटून बसणं. माझा अर्धा सारांश तिथं उभ्या उभ्या झाला.

यंत्र दिसायला अगदीच साधं. साठ मिलिमीटर व्यासाचं आणि वीस मिलिमीटर उंचीचं एक धातूचं कडं. बोअरमधून नळीत अलगद आणलेली माती त्या कड्यात कापून बसवायची. वर-खाली सच्छिद्र दगडाच्या चकत्या, मध्ये गाळणकागद, सगळं पाण्यात. कडं असल्यामुळे माती बाजूला पसरू शकत नाही, फक्त खाली दबू शकते. पाणी वरून किंवा खालून निघू शकतं. वर तरफेनं भार. तरफ एकास दहाची असते, म्हणजे हँगरला एक किलो लावला की मातीवर दहा किलो. शेवटच्या पायरीला, आठशे किलोपास्कलला, तळहातावर मावणाऱ्या त्या चकतीवर सव्वादोनशे किलोंहून जास्त ओझं असतं. पायऱ्या साधारण दुपटीनं चढतात: पन्नास, शंभर, दोनशे, चारशे. प्रत्येक पायरीला चोवीस तास. मग उतरवतानाही नोंदी, आणि शेवटी माती भट्टीत वाळवून वजन. आठदहा दिवस लागतात, आणि त्यात घाई करता येत नाही.

सकाळी नऊला त्यानं नवं वजन लावलं आणि घड्याळ पाहत डायलवरचे आकडे लिहू लागला. पाव मिनिटाला, एकाला, सव्वादोनला, चारला, सव्वासहाला, नऊला, सव्वाबाराला, सोळाला. मी विचारलं, हे असले आकडे का? तो म्हणाला, "वर्ग आहेत ताई." अर्ध्याचा वर्ग पाव, दीडाचा सव्वादोन, अडीचाचा सव्वासहा, साडेतीनचा सव्वाबारा. आलेखावर वेळेचं वर्गमूळ मांडायचं असतं, म्हणून नोंदीही तशाच घ्यायच्या. माझे आजोबा पावकी-दिडकी-औटकी म्हणायचे. औट म्हणजे साडेतीन. औट औटे सव्वाबारा हे मी लहानपणी काही न समजता घोकलेलं आहे, आणि त्याचा उपयोग पत्र्याखाली, एका चिखलाच्या चकतीसमोर, पंचेचाळिसाव्या वर्षी झाला.

पहिल्या मिनिटाला काटा भराभर फिरला. नंतर इतका मंद की तो फिरतो हे घड्याळाकडे पाहूनच कळावं.

या मंदपणाचं गणित ज्यानं मांडलं तो कार्ल टेर्झागी. प्राग शहरात १८८३ साली जन्मलेला इंजिनिअर, पहिल्या महायुद्धात इस्तंबूलला शिकवायला गेला आणि तिथंच, पुढे रॉबर्ट कॉलेजात, हाताशी लागेल त्या सामानातून त्यानं असली यंत्रं उभी केली. १९२५मध्ये त्याचं जर्मन पुस्तक व्हिएन्नाला छापलं गेलं आणि मृद्‌यांत्रिकी नावाचं शास्त्र सुरू झालं असं मानतात. त्याचं म्हणणं सोपं करून सांगायचं तर असं: ओल्या चिकणमातीवर ओझं ठेवलं की पहिल्या क्षणी ते मातीचे कण उचलतच नाहीत, मधलं पाणी उचलतं. पाणी दाबलं जात नाही, त्याला पळायचं असतं, पण फटी बारीक. ते थेंबाथेंबानं सुटतं, तसतसं ओझं कणांच्या अंगावर येतं. आणि कणांवर आलं की माती आधीपेक्षा घट्ट, आधीपेक्षा बळकट होते. पाणी निसटण्याचं हे समीकरण, तापलेल्या वस्तूतून उष्णता निघून जाण्याचं जे समीकरण आहे, त्याच घडणीचं निघालं.

पिसाचा मनोरा उभा आहे तो यामुळेच. ११७३ साली सुरू झालेलं बांधकाम तिसऱ्या-चौथ्या मजल्याशी थांबलं आणि जवळजवळ शंभर वर्षं थांबूनच राहिलं. पुन्हा सुरू झालं १२७२मध्ये. लढायांमुळे पडलेल्या या खंडात खालच्या चिकणमातीतलं पाणी सावकाश निघून गेलं आणि तिला बळ आलं. एका दमात बांधला असता तर तो तेव्हाच आडवा झाला असता, असं तज्ज्ञ सांगतात. चाचणीतही भार पायरी पायरीनं आणि चोवीस तास थांबून वाढवायचा असतो.

या चोवीस तासांवर बंगळुरातच बरंच काम झालं आहे. इथल्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. ए. श्रीधरन यांनी सहकाऱ्यांसह १९८१मध्ये चाचणीचे आकडे वाचायची एक नवी पद्धत मांडली: वेळ भागिले दबलेली उंची असं वेळेसमोर मांडलं की आलेखाचा एक भाग सरळ रेषेत येतो आणि त्यावरून शेवट गाठता येतो. गंमत अशी की ज्या शहरात हे झालं त्याला स्वतःला याची फार गरज पडत नाही. बंगळूरची बहुतेक जमीन लालबागेतल्या त्या तीनशे कोटी वर्षांच्या खडकासारख्याच खडकाची झिजून झालेली तांबडी माती. ती सहसा असली रेंगाळत नाही. रेंगाळतात ती बुजवलेली तळी. आमच्या सोलापूरची काळी माती आणखी वेगळी, ती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिची फुगण्याची ताकदसुद्धा याच कड्यात मोजतात, वजनानं तिला फुगू न देता.

आता मुद्द्याचं. कड्यातली माती वीस मिलिमीटर जाड, पाणी दोन्ही बाजूंनी निघतं, म्हणजे कुठल्याही थेंबाला फार तर दहा मिलिमीटर वाट चालायची. आमच्या रस्त्याखालचा गाळाचा थर चार मीटर जाड. वर मुरूम, खाली वाळूसारखा झिजलेला खडक, म्हणजे इथंही दोन्हींकडे वाट, पण ती दोन मीटरची. दोनशेपट. वेळ मात्र दोनशेपट लागत नाही, दोनशेच्या वर्गाइतका लागतो. चाळीस हजारपट. कड्यात जे नव्वद टक्के बसणं दोन तासांत झालं, त्याला आमच्या फाटकाशी ऐंशी हजार तास, म्हणजे नऊ वर्षं. मी हे वहीच्या पाठीवर करून पाहिलं, मग त्या मुलाला दाखवलं. तो म्हणाला, "बरोबर आहे. म्हणून नवी मुंबईला ड्रेन घालतात की." खाडीच्या मऊ चिकणमातीत जवळजवळ उभे निचरे रोवायचे, म्हणजे पाण्याला वर-खाली मीटरच्या मीटर जायला नको, बाजूला हातभर गेलं की वाट मिळते. वाट आखूड झाली की वर्षांचे महिने होतात. आमच्या चाळीस मीटर रस्त्यासाठी तो खर्च कुणी करणार नव्हतं.

पण नऊ वर्षं कधीपासून मोजायची? इमारती उभ्या राहून बारा वर्षं झाली होती. त्या हिशेबानं सगळं केव्हाच संपायला हवं होतं. उत्तर अहवालातल्या एका आलेखात होतं. भार वाढत जातो तशी माती आधी थोडी थोडी दबते, मग एका जागी रेघ वाकते आणि उतार एकदम तीव्र होतो. ती वाकण्याची जागा म्हणजे त्या मातीनं आजवर सोसलेलं सर्वांत मोठं ओझं. आर्थर कॅसाग्रांदे यानं १९३६मध्ये ती जागा शोधण्याची रीत दिली. नमुना आणताना हिसके बसले असतील तर रेघ नुसती गोलसर येते आणि ही जागा पुसली जाते, म्हणून नळीतून माती काढताना तो मुलगा श्वास धरून होता. या ओझ्याला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. मी सारांशात 'अंगवळणी पडलेला भार' असं लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. तो हसला, म्हणाला, "हे आम्हाला कॉलेजात सांगितलं असतं तर!" (अनुवादकाला याहून मोठं बक्षीस मिळत नाही. मिळालं तरी मानधनाच्या धनादेशासारखं उशिरा.)

आमच्या मातीच्या अंगवळणी पडलेला भार पन्नास किलोपास्कलच्या आसपास होता: बांधकामाच्या वेळच्या दोन मीटर भरावाचा, अधिक थराचा स्वतःचा. त्या ओझ्याखालचं पाणी बारा वर्षांत निघून गेलं होतं आणि जमीन शांत झाली होती. मग सप्टेंबर २०२२मध्ये रिंग रोडचा हा सगळा पट्टा पाण्याखाली गेला, लोक ट्रॅक्टरमधून कचेरीला गेले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आमच्याही फाटकातून पाणी आत आलं. २०२३च्या सुरुवातीला तेव्हाच्या कमिटीनं सर्वांच्या टाळ्यांत फाटकाचा रस्ता एक मीटरनं उंच करून घेतला. एक मीटर मुरूम म्हणजे चौरस मीटरला पावणेदोन टनांच्या वर नवं ओझं, अंगवळणी पडलेल्याच्या पलीकडचं. घड्याळ पुन्हा पहिल्या मिनिटापासून सुरू झालं. आणि पहिल्या मिनिटांत काटा भराभर फिरतो, ते मी पाहिलंच होतं. निम्मं बसणं पहिल्या दोन वर्षांतच उरकतं, उरलेलं लांबत जातं.

हे सभेत सांगणं सोपं नव्हतं. बिल्डरवर दावा लावायच्या तयारीतले चौघं-पाच जण होते. त्यांना प्रत्येक भाषेत 'खचणे' हवं होतं. ज्यांना फ्लॅट विकून जायचं होतं त्यांना मराठीत, कन्नडमध्ये, कशातच काही नको होतं. एकानं 'किरकोळ समायोजन' असा शब्द सुचवला. निवृत्त शिक्षिकेलाही तोच त्रास झाला होता. कन्नडमध्ये 'कुसि' म्हटलं की दरड कोसळल्याचं चित्र उभं राहतं, आणि साधं काही म्हटलं तर गुळगुळीत वाटतं. आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून तिन्ही सारांश शेजारी ठेवून पाहत होतो. त्यांचं म्हणणं होतं की भिऊन माणूस निदान विचारतो तरी. माझं म्हणणं होतं की भ्यालेला माणूस पडेल भावानं घर विकतो, आणि आमच्या मजल्यावर तसं एक घर नुकतंच विकलं गेलं होतं.

शेवटी मी दोन्ही शब्द ठेवले, जागा वाटून देऊन. रस्ता बसतो आहे, इमारती खचत नाहीत. त्यापुढे आकडे: आजवर सुमारे सहा सेंटिमीटर, पुढच्या काही वर्षांत आणखी चारपाच, दरवर्षी कमी होत जाणारे. एक वाक्य मला गाळावं असं सुचवण्यात आलं, ते मी गाळलं नाही. ते असं की हे बसणं २०२३मध्ये आपण टाकलेल्या भरावामुळे आहे. त्या वाक्यावर सभेत अर्धा तास गेला, आणि दाव्याची फाइल त्यानंतर पुढे सरकली नाही असं ऐकते.

साताऱ्याचे काका एसटीत मेकॅनिक होते. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "ताई, म्हणजे कधीतरी पुरतं थांबणार की नाही?"

हे सारांशात नव्हतं, म्हणून तोंडी सांगितलं. पाणी संपलं तरी कण एकमेकांवरून सावकाश सरकत राहतात, आणि सांडपाण्यावर पोसलेल्या, कुजकट गाळात ते जास्तच. त्याचा नियम विचित्र आहे: पहिल्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत जितकं सरकेल, साधारण तितकंच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत.

काका थोडा वेळ हिशेब करत राहिले. "मग रस्ता परत उंच करायचा नाही," ते म्हणाले. "पायरी आहे तिथं उतार करा, वरून जड काही टाकू नका. आणि पाइपाला तिथं कडक जोड कशाला? गाडीत सायलेन्सरला असतो तसा लवचीक घाला, वर्षाला बोटभर हलला तर हलू दे."

अहवालाच्या एकेचाळिसाव्या पानावर हेच होतं, जास्त मोठ्या शब्दांत. रस्त्यावर आता पितळेच्या पाच खुणा ठोकल्या आहेत आणि दर महिन्याच्या एक तारखेला वॉचमन त्यांची पातळी घेतो त्या सर्वेच्या मुलाला चहा देतो. जूनला तीन मिलिमीटर, जुलैला दोन. पाइपाचा जोड अजून मिळालेला नाही. प्लंबर शनिवारी शिवाजीनगरला जाऊन बघतो म्हणाला आहे.